पाखरांची खानेसुमारी

पनवेलला मुद्दाम येणारा माणूस विरळा. पनवेलवरून पुढे जाणारेच फार. पुण्याला जायचे असो, गोव्याला जायचे असो की अलिबागच्या समुद्रावर, वाटेत पनवेल लागते आणि लगेच मागेही पडते. स्थानकावर चहा घ्यावा, वडा खावा आणि पुढची गाडी धरावी, एवढाच या गावाशी उभ्या महाराष्ट्राचा संबंध. मात्र पनवेलला येऊन येथेच मुक्काम ठोकणारेही काही प्रवासी आहेत. दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे ते हिमालयाकडून, काही तर त्याच्याही पलीकडून येतात आणि उन्हाळा तापेपर्यंत हलत नाहीत. कॉलेजच्या पटांगणावर सकाळी शेपटी खालीवर करीत धावणारा धोबी ऊर्फ परीट हा त्यांचा अग्रदूत. तो दिसला की आमच्या घरी चकल्यांची भाजणी दळून आणण्याची वेळ झाली असे समजतात.

या पाहुण्यांचे मोठे बिऱ्हाड पनवेलच्या दक्षिणेस बारा किलोमीटरवर, कर्नाळ्याच्या रानात असते. अंगठ्यासारखा सुळका असलेला कर्नाळा किल्ला मुंबई-गोवा रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाने पाहिलेला असतो. आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचे आजोबा या किल्ल्याचे किल्लेदार होते, आणि वासुदेव बळवंतांचे जन्मगाव शिरढोण याच वाटेवर आहे. किल्ल्याच्या पायथ्याचे जंगल १९६८ साली पक्ष्यांसाठी राखून ठेवण्यात आले. त्या वेळी ते पाच चौरस किलोमीटरही नव्हते. आता बाराच्या आसपास आहे. एवढ्याशा जागेत पक्ष्यांच्या दोनशेहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत.

मी शिकवतो मराठी. पक्षिशास्त्राशी माझा संबंध नावांपुरता. परंतु नावांचे वेड हे काही लहानसहान वेड नव्हे. दर हिवाळ्यात मी विद्यार्थ्यांना घेऊन कर्नाळ्याला जातो, कारण पावशा, तांबट, सुगरण, भारद्वाज, वेडा राघू, हळद्या हे शब्द फळ्यावर लिहून समजत नाहीत. गेल्या वर्षी अशाच एका फेरीत एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, सगळ्यात जास्त जातींचे पक्षी कोणत्या देशात आहेत?” तिचा सूर असा होता, की उत्तर ‘भारत’ असेच यावे. दुसऱ्या दिवशी प्राध्यापकांच्या खोलीत मी हा प्रश्न टाकला. भूगोलाच्या सहकाऱ्यांनी ब्राझील म्हटले, इतिहासाचे म्हणाले आफ्रिका. आफ्रिका हा देश नव्हे, यावर मग मधली सुटी संपेपर्यंत चर्चा चालली.

उत्तर आहे दक्षिण अमेरिकेत. कोलंबिया, ब्राझील आणि पेरू हे तीन देश पहिल्या स्थानासाठी भांडत असतात. प्रत्येकाच्या यादीत १,८०० ते २,००० च्या दरम्यान जाती आहेत. बहुतेक वेळा मान कोलंबियाकडे जातो. त्यांच्या पाठोपाठ १,६०० ते १,७०० च्या घरात इंडोनेशिया आणि एक्वादोर. भारताची यादी १,३५० च्या आसपास, म्हणजे पहिल्या दहांतली. जगात पक्ष्यांच्या सुमारे ११,००० जाती आहेत, हे लक्षात घेतले तर दर आठ जातींमागे एक आपल्याकडे भेटते. यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

या यादीतला एक्वादोर मात्र मला स्वस्थ बसू देईना. नकाशात त्याचे क्षेत्रफळ पाहिले तर तीन लाख चौरस किलोमीटरही भरत नाही. आपला महाराष्ट्र तीन लाख सात हजारांचा. महाराष्ट्राहून लहान असा हा देश, आणि अख्ख्या हिंदुस्थानाहून त्याच्याकडे पाखरांच्या जाती अधिक! महाराष्ट्राची स्वतःची यादी साडेपाचशेच्या थोडी वर जाते. म्हणजे आमच्या तिप्पट. असे का व्हावे?

याचे उत्तर पनवेलकराला घराच्या गच्चीतून दिसते. पूर्वेकडे माथेरानचा डोंगर आहे. पनवेल जवळजवळ समुद्रसपाटीला आणि माथेरान आठशे मीटरवर. उन्हाळ्यात आपण तेथे कशाला जातो? हवा वेगळी म्हणून. हवा वेगळी तर झाडे वेगळी, झाडे वेगळी तर त्यांवरचे किडे आणि फळे वेगळी, आणि मग पाखरेही थोडीफार वेगळी. पनवेलच्या आवारांत लालबुड्या बुलबुल भांडत असतो; माथेरानला तुऱ्याचा, गालावर लाल ठिपका असलेला शिपाई बुलबुल अधिक भेटतो. हा झाला आठशे मीटरांचा महिमा. आता माथेरानवर माथेरान असे सात-आठ थर रचले आहेत अशी कल्पना करा. एक्वादोरमधील चिंबोराझो शिखर ६,२६३ मीटर उंच आहे. त्याच्या पायथ्यापासून बर्फापर्यंत दर हजार मीटरांवर पाखरांचे एक नवे गाव वसलेले असते, आणि एका गावचे रहिवासी सहसा दुसऱ्या गावी जात नाहीत.

कोलंबियात तर आँदीज पर्वताच्या तीन रांगा होतात. मध्ये काउका आणि माग्दालेना या नद्यांची खोल, उष्ण खोरी. थंड डोंगरात राहणाऱ्या पाखराला ते उष्ण खोरे ओलांडणे म्हणजे आपल्याला समुद्र ओलांडण्यासारखे. एका रांगेवरच्या कुळाची दुसऱ्या रांगेवरच्या भाऊबंदांशी सोयरीक तुटते, आणि लाखो वर्षांत त्यांच्या निराळ्या जाती होतात. शिवाय एका बाजूला प्रशांत महासागर, दुसऱ्या बाजूला कॅरिबियन समुद्र, आणि पूर्वेस अॅमेझॉनचे अरण्य. २०१९ साली मे महिन्यातल्या एका ठरलेल्या दिवशी जगभरच्या हौशी लोकांनी पक्षी मोजले, तेव्हा एकट्या कोलंबियात चोवीस तासांत १,५०० हून अधिक जाती नोंदल्या गेल्या. आपल्या सबंध देशाच्या यादीहून अधिक, आणि त्याही एका दिवसात!

आपल्याकडेही हिमालय आहे, आणि तो आँदीजहून उंच आहे, असे कोणी म्हणेल. खरे आहे. भारतातील निम्म्याहून अधिक जाती ईशान्येकडच्या डोंगराळ राज्यांत मिळतात त्या हिमालयाच्याच कृपेने. तेथे अजूनही नवी पाखरे सापडतात. पुण्यात रेडिओ-खगोलशास्त्रात काम करणारे रमणा आत्रेय यांनी अरुणाचलातील एका नव्या पक्ष्याचे वर्णन २००६ साली प्रसिद्ध केले आणि तेथील बुगुन लोकांचे नाव त्याला दिले. पक्षी इतका थोडा होता, की नमुन्यासाठीसुद्धा त्यांनी तो मारला नाही. काही पिसे आणि छायाचित्रे यांवर काम भागवले. तारे मोजणाऱ्याने पाखरू शोधावे, यात मला तरी काही विसंगत वाटत नाही. दोन्ही कामांना मान वर करावी लागते.

पण हिमालय विषुववृत्तापासून दूर आहे. तेथे हिवाळा येतो, आणि हिवाळ्यात अर्धी वस्ती घरे सोडून खाली उतरते. आँदीज नेमका विषुववृत्तावरून जातो. तेथे बारा महिने फुले, बारा महिने किडे. मधाच्या भरवशावर जन्म काढणाऱ्या हमिंगबर्डच्या एकट्या कोलंबियात दीडशेहून अधिक जाती आहेत. आपल्या शिंजिराला ही चैन परवडत नाही. कोकणात चार महिने धो धो पाऊस आणि पुढचे आठ महिने कोरडे. दक्षिणेत केरळाकडे पाऊस अधिक काळ रेंगाळतो, म्हणून सह्याद्रीचा तो भाग पाखरांनी आपल्या बाजूपेक्षा अधिक संपन्न.

इथपर्यंतचे गणित समजले तेव्हा माझे समाधान व्हायला हवे होते. पण भाषेच्या शिक्षकाला एक खोड असते. तो आकड्यावर विश्वास ठेवण्याआधी शब्द तपासतो. पक्ष्यांची ‘जात’ म्हणजे काय? आपल्या समाजात जात जन्माने ठरते आणि मेल्यावरही सुटत नाही. पक्ष्यांची जात शास्त्रज्ञांच्या बैठकीत ठरते आणि पुढच्या बैठकीत बदलूही शकते. आमचा सोन्यासारखा पिवळा हळद्या घ्या. पूर्वी युरोपातला हळद्या आणि आपला हळद्या एकच जात मानीत. पुढे डोळ्याजवळच्या काळ्या पट्टीपासून पंखाच्या ठेवणीपर्यंत सर्व तपासून त्या दोन जाती ठरवल्या गेल्या. नवे पाखरू एकही जन्मले नाही. जगाचा आकडा मात्र एकाने वाढला. जगात पक्ष्यांच्या निरनिराळ्या याद्या चालत आणि त्यांचा मेळ बसत नसे. २०२५ साली ‘एव्हीलिस्ट’ नावाची एक सामाईक यादी निघाली, तिच्यात ११,१३१ जाती आहेत. मग देशादेशांचे आकडे जुळत नाहीत यात नवल कसले?

शिवाय देशाच्या यादीत रहिवासी कोण आणि वाटसरू कोण हा भेद नसतो. ब्रिटनच्या यादीत सहाशेहून अधिक नावे आहेत. पण तेथे नियमाने घरटी करणारे त्यांच्या निम्मेही नाहीत. बाकीचे बरेचसे वादळात भरकटून एखाद्या दिवशी बेटावर टेकलेले. एकदा टेकला आणि कोणी पाहिला, की नाव वहीत चढले. आणि चढलेले नाव उतरवायला कोणी धजत नाही. आपल्या देशातले गुलाबी डोक्याचे बदक १९३५ नंतर रानात कोणी खात्रीने पाहिलेले नाही. हिमालयातली एक लावरी तर १८७६ नंतर दिसलेली नाही. तरी ही नावे याद्यांतून चालूच आहेत. रेशनकार्डावर मयत आजोबांचे नाव तसेच राहते, तशातला हा प्रकार.

अर्थात कधीकधी मयत समजलेले आजोबा दारात उभे राहतात. रानपिंगळा हे लहानसे घुबड १८८४ नंतर खात्रीने कोणाला सापडले नव्हते. १९१४ सालचा म्हणून एक नमुना लंडनच्या संग्रहालयात होता, पण तो जुनाच नमुना चोरून, नवी चिठ्ठी लावून ठेवलेला निघाला. तो लबाड नमुना बाजूस सारून जुन्या, खऱ्या ठिकाणांच्या नोंदी पाहत अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांचे दोन साथीदार १९९७ सालच्या नोव्हेंबरात खानदेशात आले, आणि शहाद्याजवळच्या जंगलात सकाळच्या उन्हात रानपिंगळा बसलेला त्यांना दिसला. एकशे तेरा वर्षांनी! तेव्हा जुनी नावे खोडू नयेत, हेही खरेच.

मग या खानेसुमारीवरून पाखरांचे बरे चालले आहे की वाईट, हे कळावे कसे? मला वाटते, कळत नाहीच. आणि हे मला कर्नाळ्याच्या पायथ्याच्या वाडीतल्या एका म्हाताऱ्या ठाकरबाबांनी शिकवले. मी त्यांना मोठ्या ऐटीत साडेतेराशेचा आकडा सांगितला. त्यांनी बिडी विझवली आणि म्हणाले, “आसतील, मास्तर. पन ढोर मेलं तर आता कुत्री येतात. गिधाडं कवाच गेली.”

हे खरे आहे. माझ्या लहानपणी गावाबाहेर मेलेल्या बैलाभोवती गिधाडांची पंगत बसलेली मी पाहिली आहे. ती इतकी असत, की त्यांच्याकडे कोणी बघत नसे. बघितलेच तर नाक मुरडून. १९९० नंतर ती झपाट्याने मरू लागली. डायक्लोफेनॅक नावाचे वेदनाशामक औषध दुखणाईत जनावरांना टोचले जाई. असे जनावर मेले आणि गिधाडांनी खाल्ले, की त्यांची मूत्रपिंडे निकामी होत. हे कारण २००४ च्या सुमारास उजेडात आले आणि २००६ साली जनावरांसाठी त्या औषधावर आपल्याकडे बंदी आली. तोपर्यंत पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी शंभरातले नव्व्याण्णवांहून अधिक नाहीसे झाले होते. हवाई दलाच्या संख्येत इतकी घट झाली असती तर संसद हादरली असती. पण पक्ष्यांच्या यादीत काय फरक पडला? काहीच नाही. ‘गिधाड, पांढऱ्या पाठीचे’ हे नाव जसेच्या तसे आहे. लाख गिधाडे असली तरी एक, दहा असली तरी एक. आमच्याच जिल्ह्यात म्हसळा तालुक्यातल्या चिरगावजवळ लोकांनी त्यांची घरटी राखली आहेत. त्या मूठभर कुटुंबांच्या जिवावर ते नाव उभे आहे.

सोलापूरजवळच्या नान्नजचेही तेच. १९७९ साली माळढोकासाठी तेथे अभयारण्य झाले. आज तेथे एखादा माळढोक दिसला, तर वर्तमानपत्रात बातमी होते. बातमी होते म्हणजे काय झाले आहे, हे वेगळे सांगायला नको.

म्हणून आता मला देशाच्या आकड्यापेक्षा गावाच्या वहीची ओढ अधिक. कर्नाळ्यातला तिबोटी खंड्या पाहा. रायगडचा हा जिल्हा पक्षी. चिमणीहून चिमुकला, पोट नारिंगी, पाठ जांभळी-निळी, चोच आणि पाय पोवळ्यासारखे लाल. पायाला बोटे तीन म्हणून तिबोटी. जूनच्या पहिल्या सरींबरोबर तो येतो आणि ओढ्याच्या काठच्या मातीत आडवे बीळ कोरून पिल्ले वाढवतो. बेडूक, खेकडे, सापसुरळ्या यांची नेआण दिवसभर चालते. पाऊस ओसरला की स्वारी जाते. त्याला हवे काय? ओढा, ओढ्याला मातीचा काठ, आणि वर सावली. आमच्या पनवेलच्या आसपास वसाहती वाढल्या तसतसे ओढ्यांचे नाले झाले आणि नाल्यांना दोन्ही बाजूंनी सिमेंटच्या भिंती आल्या. भिंतीत बीळ कोरणारा खंड्या अजून निपजलेला नाही. उद्या तालुक्यातला शेवटचा मातीचा काठ गेला, तरी भारताच्या यादीत तिबोटी खंड्या राहीलच. केरळात आहे, आसामात आहे. यादीला पनवेल ठाऊक नाही.

माझा सूर तक्रारीचा वाटेल. तसे नाही. उलव्याची टेकडी कापून, नदी वळवून येथे विमानतळ उभा राहिला आणि २०२५ च्या ऑक्टोबरात त्याचे उद्घाटन झाले. आमच्या शेजारच्या मुलाला तेथे नोकरी लागली, त्याचे पेढे मी चवीने खाल्ले. परंतु विमानांची आणि पक्ष्यांची वाट एकच झाली म्हणजे काय होते, तेही आपण पाहिले आहे. २०२४ च्या मे महिन्यात घाटकोपरला उतरत्या विमानाखाली सापडून तीसपेक्षा अधिक रोहित पक्षी एका रात्रीत मेले. ठाण्याच्या खाडीपासून उरणच्या पाणथळीपर्यंत त्यांची ये-जा असते. अमुक ठिकाणी पूर्वी किती पाखरे उतरत, हे कोणी लिहून ठेवले असेल तरच पुढचे वाद पुराव्याने होतील. नाहीतर मी म्हणणार होती, आणि साहेब म्हणणार नव्हती.

लिहिण्याची आपल्याकडे परंपरा आहे. सालिम अलींनी १९३० साली अलिबागजवळच्या किहीमला सुगरणीची घरटी महिनोन्‌महिने पाहिली आणि नर अर्धे घरटे विणतो, मादी येऊन तपासते, पसंत पडले तरच संसार थाटते, हे टिपून ठेवले. त्यांच्या मोठ्या दहाखंडी ग्रंथाचा पहिला खंड १९६८ साली निघाला, कर्नाळ्याचे अभयारण्य झाले त्याच साली. आणि आमच्या मराठीत मारुती चितमपल्ली झाले. कर्नाळ्याच्या उभारणीतही या वनाधिकाऱ्याचा वाटा होता. रानातल्या माणसांकडून पाखरांची नावे गोळा करून त्यांनी ‘पक्षिकोश’ रचला, आणि २००६ साली सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. २०२५ च्या जूनमध्ये ते गेले. विद्यार्थ्यांच्या मोबाइलमध्ये आता पक्ष्याचा आवाज ऐकून नाव सांगणारी सोय आहे; नाव इंग्रजी येते. त्यापुढे मराठी नाव लिहायचे, ठाकरबाबा म्हणतात ते तिसरे नाव लिहायचे, तारीख घालायची आणि किती दिसले तो आकडा लिहायचा, असा आमच्या वहीचा शिरस्ता आहे. एक्वादोरमध्ये मिंदो गावाजवळच्या एका शेतकऱ्याने रानातल्या एका लाजाळू पाखराला हाक मारून, गांडुळे घालून माणसाळवले, आणि आता ते पाहायला जगभरचे लोक त्याच्या दारी येतात. आमच्या वाडीतल्या पोरांना मी ही गोष्ट सांगितली. त्यांनी लगेच विचारले, गांडुळे कोणत्या पाखराला घालायची?

दिवाळीच्या सुटीत कर्नाळ्याला यायचे असेल तर पनवेलहून पेणकडे जाणारी एस. टी. धरावी आणि अभयारण्याच्या फाटकाशी उतरावे. सकाळी सातच्या आत. नऊनंतर पक्षी गप्प होतात आणि सहली बोलू लागतात. आत दोन पायवाटा आहेत, एक हरियालच्या नावाची, दुसरी मोरटाका. मुलांना गडद रंगाचे कपडे घालावेत. फाटकातून आत गेले की पहिल्या वळणावर थांबावे. डाव्या-उजव्या झाडांतून बहुधा भृंगराज ऐकू येईल, लांब दोन तारांच्या टोकाला पिसांचे झुबके लावलेला काळा कोतवाल. तो इतर पाखरांच्या नकला करतो. तेव्हा शिक्रा ऐकला म्हणून वहीत लिहिण्याआधी वर मान करून खात्री करून घ्यावी.